कपाटांचे माथे

भिंतीवरच्या कपाटाला तळ, पाठ, दोन बाजू आणि दार असते तसा माथाही असतो; पण कपाट बनवताना सर्वांत कमी विचार माथ्याचाच होतो. ओट्यापाशी राबणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर कपाटाचा तळ आणि दाराची खालची कड असते. माथा दिसतो तो चार पावले मागे, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहणाऱ्याला. म्हणून तो सजवणे, झाकणे किंवा तसाच सोडून देणे हे तिन्ही प्रकार घरोघर आढळतात. माथ्याच्या कडेने बाहेर झुकत जाणारी, गोलव्यांची आणि खाचांची लाकडी पट्टी बसवली की तिला मिस्त्री कॉर्निस म्हणतात, किंवा नुसते मोल्डिंग. रांगेतली सगळी कपाटे एकाच उंचीची असली तर ही पट्टी भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावते. उंची वेगवेगळ्या असल्या की प्रत्येक माथ्याला स्वतःची पट्टी लागते, आणि दोन माथे जिथे शेजारी येतात तिथे आधी केलेला किंवा न केलेला सगळा हिशेब उघडा पडतो.

हा हिशेब एका जुन्या वस्तीतल्या घरांच्या संदर्भात पाहू. जबलपूरच्या पूर्व भागात घमापूर आणि लालमाटीच्या शेजारी कांचघर ही जुनी, दाट वस्ती आहे. १८६७ मध्ये अलाहाबादकडून आणि १८७० मध्ये मुंबईकडून आलेली रेल्वे जबलपूरला येऊन मिळाली. १९०४ मध्ये तोफगाडी कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळा कारखाना आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा कारखाना आला. शहराचा हा भाग त्या पाळ्यांच्या भोंग्यांवर वाढला. मराठी माणसाचा जबलपूरशी संबंध याहून जुना. १७९८ ते १८१७ या काळात शहर नागपूरकर भोसल्यांकडे होते, आणि पुढे १८६१ पासून १९५६ पर्यंत ज्या प्रांताची राजधानी नागपूर होती त्याच प्रांतात जबलपूर होते. नागपूर-वऱ्हाडातून कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेतले बाबू या शहरात येत राहिले आणि येताना स्वयंपाकघराची मांडणीही बरोबर घेऊन आले : उतरंड, शिंके, पाण्याची घडवंची, पितळी डब्यांची फळी आणि भिंतीतले फडताळ.

फडताळाला मोल्डिंगची गरज कधी पडली नाही. जुन्या घराच्या दीड-दोन फूट जाड भिंतीत कोनाडा ठेवून त्याला दारे लावली की फडताळ तयार होई. त्याचा माथा म्हणजे भिंतच. ते किती उंच, शेजारचे किती बुटके, याची चर्चा होत नसे, कारण वरची कड चुन्याच्या गिलाव्यात संपून जाई. पुढे भिंती बारीक झाल्या. दीड फुटाची भिंत नऊ इंचांची झाली, आतल्या भिंती तर साडेचार इंचांवर आल्या. कोनाड्याला जागा उरली नाही, पण डबे कमी झाले नाहीत. भिंतीच्या पोटातली साठवण भिंतीबाहेर येऊन तिच्यावर टांगली गेली. बाहेर आलेल्या पेटीला पूर्वी नसलेल्या तीन कडा मिळाल्या : दोन बाजूंच्या आणि एक माथ्याची. बाजूच्या कडा शेजारचे कपाट झाकते. माथ्याची कड उघडीच राहते, आणि तिचा शेवट कुणीतरी ठरवून करावा लागतो.

टांगलेल्या कपाटाचे आजचे रूप दोन घराण्यांतून आले आहे. १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी मोजून-मापून बेतलेले छोटे स्वयंपाकघर तयार केले. तशी सुमारे दहा हजार बसवली गेली. ठरावीक मापांच्या पेट्या, सपाट दारे आणि ओट्यावरून हात पोहोचेल अशी साठवण ही त्या विचाराची देणगी. कॉर्निस मात्र दगडी इमारतींकडून लाकूडकामात आले. भिंतीच्या वरच्या कडेला बाहेर काढलेला बाकदार थर पावसाचे पाणी भिंतीपासून दूर टाकी. मध्ययुगीन भारतीय मंदिरांतला कपोत हेच काम करतो. स्वयंपाकघरात पाऊस पडत नाही. तरीही वर जाणारी उभी रेषा कुठेतरी थांबली आहे हे डोळ्याला सांगणारा तो बाहेरचा झुकाव टिकून राहिला. कारखान्यात बनलेली पेटी आणि देवळाच्या कडेवरचा थर यांची गाठ आता कांचघरमधल्या एखाद्या दहा फुटी भिंतीवर पडते.

उंची वेगवेगळ्या ठेवण्याचे पहिले कारण वापरातले आहे. ओटा तेहतीस इंचांवर असला आणि त्याच्यावर वीस इंच मोकळी जागा सोडली, तर कपाटाचा तळ त्रेपन्न इंचांवर येतो. भारतीय स्त्रीची सरासरी उंची एकशे बावन्न सेंटीमीटरच्या आसपास आहे. टाचा न उचलता तिचा हात साधारण सहा फूट किंवा दोन-तीन इंच अधिक इतका पोहोचतो. म्हणजे कपाट तीस इंची असो की बेचाळीस इंची, रोजच्या उपयोगाचे त्यातले खालचे वीसच इंच. त्याच्या वरची प्रत्येक फळी स्टुलावर चढून वापरायची. मराठी घरात अशा फळीला काम असते : उन्हाळ्यात केलेल्या कुरडया-पापडांचे डबे, दिवाळीचे सोऱ्ये आणि झारे, महालक्ष्म्यांच्या जेवणाला लागणारी मोठी पातेली. पण असे सामान एका कोपऱ्यात मावते. त्यासाठी सगळी रांग उंच करण्याचे कारण नाही. कोपऱ्यातले एक कपाट छत्तीस किंवा बेचाळीस इंची, बाकीची तीस इंची, आणि शेगडीवर चिमणी असेल तर ती शेगडीपासून सव्वादोन-अडीच फूट वर घेऊन तिच्यावर उरेल तेवढे लहान कपाट, अशी मांडणी गरजेतूनच निघते.

दुसरे कारण छताचे आहे, आणि ते कमी बोलले जाते. जुन्या वस्तीतली घरे एका दमात बांधलेली नसतात. खालची दोन दालने एका पिढीची, मागचे स्वयंपाकघर दुसऱ्या पिढीचे, वरचा मजला तिसऱ्या पिढीचा. कवेलू काढून तिथे स्लॅब पडलेला असतो. त्याचा खालचा गिलावा एका टोकाला दुसऱ्यापेक्षा इंचभर खाली असणे हे काही आश्चर्य नव्हे. अशा छताला भिडवून एकसलग मोल्डिंग लावले की पट्टी सपाट आणि छत उतरते, असे दोघांमधल्या फटीवरून लगेच कळते. फट एका टोकाला दोन सूत, दुसऱ्याला इंच. पट्टी छताबरोबर तिरकी न्यावी तर दारांच्या वरच्या कडा उघड बोलू लागतात. कपाटे छताच्या दीड-दोन फूट खालीच आणि निरनिराळ्या उंचीवर थांबवली तर डोळ्याला छत मोजायला सरळ पट्टीच मिळत नाही. मग छताचा दोष तिथेच असतो, पण कुणाच्या लक्षात येत नाही. वेगवेगळ्या उंचीची रांग म्हणजे छताशी चाललेली वाटाघाट सोडून देणे.

त्याची किंमत खाली भरावी लागते. माथे मोकळे सोडायचे तर तळ एका रेषेत हवा, आणि तो केसभरही हलून चालत नाही. वरची रेषा तुटक असताना नजर आधाराला खालच्या रेषेवर येते. चिमणीचा अपवाद सोडला तर सर्व कपाटांचे तळ एकाच पातळीत राहिले पाहिजेत. मग माथे वर-खाली झाले तरी रचना ठरवून केलेली वाटते. तळही वर-खाली आणि माथेही वर-खाली असले की तीच कपाटे वेगवेगळ्या वेळी, जशी मिळाली तशी, आणून टांगल्यासारखी दिसतात.

ही तळरेषा घरातल्या कोणत्याही वस्तूवरून घेता येत नाही. जमीन मोरीकडे उतरलेली असते, ओट्याचा दगड सिंककडे किंचित झुकवलेला असतो, छताचे वर आलेच. फरशीवरून चार ठिकाणी त्रेपन्न इंच मोजून खुणा केल्या आणि त्या जोडल्या तर फरशीचा उतार जसाच्या तसा भिंतीवर चढतो. म्हणून पातळी बाहेरून आणावी लागते, आणि ती आणण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी. नळीत हवेचा बुडबुडा नसला आणि दोन्ही टोके उघडी असली, तर दोन टोकांतले पाणी एकाच पातळीवर उभे राहते, मधे खांब येवो की दार. लेझर यंत्र हेच काम लवकर करते. दोन फुटी लेव्हल दहा फुटांची भिंत पार करताना प्रत्येक टप्प्यावर थोडी चूक साठवत जाते. भिंतीवर एक आडवी रेषा मिळाली की तिच्यापासून ओट्याच्या दगडापर्यंतचे अंतर जागोजागी मोजायचे. ओटा जिथे सर्वांत उंच आहे तिथे अंतर सर्वांत कमी भरते; मोकळ्या वीस इंचांचा हिशेब त्या बिंदूपासून धरायचा. त्याच रेषेवर उभ्या रेषा ओळंब्याने पाडून प्रत्येक कपाटाची जागा आणि माथ्याची उंची भिंतीवर पेन्सिलीने पूर्ण काढून घेतली, की पुढच्या अर्ध्या चुका कागदाच्या किमतीत सुटतात.

त्यानंतर भिंतीची विचारपूस. लाकडी सांगाड्यांच्या अमेरिकन घरांत कपाटाचा स्क्रू भिंतीच्या आतल्या उभ्या लाकडात जातो. इथे वीट आहे, आणि वीट कोणत्या मसाल्यात बसवली आहे यावर सगळे अवलंबून. जबलपूरच्या उत्तरेला कटनीचा चुना प्रसिद्ध. या भागातल्या जुन्या भिंती चुन्यात, काही नुसत्या मातीत रचलेल्या आढळतात. भोक विटेच्या पोटात पडले तर प्लग घट्ट बसतो. सांध्यात पडले तर ड्रिलमधून पांढरी किंवा पिवळी भुकटी येते आणि प्लग हाताने फिरतो. भुकटीचा रंग पाहणे हे या कामातले छोटे पण मोलाचे निदान आहे. गिलाव्याची जाडी हिशेबात धरायची नाही. गिलावा पाऊण इंच असेल आणि स्क्रू दीड इंच आत जात असेल तर विटेत फक्त पाऊण इंच पोहोचतो. विटेत किमान दोन इंच पकड मिळेल इतका लांब स्क्रू, त्याला शोभेल असा आठ किंवा दहा मिलिमीटरचा प्लग, आणि साडेचार इंची भिंत असेल तर एक-दोन बोल्ट आरपार नेऊन पलीकडे पत्र्याची चकती. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत भोक पाडण्याआधी दोनदा विचार करावा. आतली नळी बाहेरून दिसत नाही.

वजनाचा हिशेब भीती कमी करतो आणि काळजी नेमकी करतो. तीन फूट रुंद, तीस इंच उंच, फूटभर खोल अशी पाऊण इंची प्लायवुडची पेटी दोन फळ्या आणि दारांसह पंचवीस किलोच्या आसपास भरते. स्टीलचे डबे, ताटे, कडधान्ये भरली की सत्तर किलोपर्यंत जाणे सहज शक्य. हे वजन स्क्रूंना मुख्यतः खाली दाबते. वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर ओढणारा जोर त्या मानाने थोडा असतो. वजनाचा मध्य भिंतीपासून सहा इंचांवर आणि वरच्या-खालच्या स्क्रूंमधले अंतर अठ्ठावीस इंच धरले, तर ओढ सुमारे पंधरा किलोची येते. कपाट जास्त खोल केले की ओढ वाढते, जास्त उंच केले की कमी होते. उंच कपाटच खोलही केले तर दोन्ही परिणाम एकमेकांना बरेचसे फेडतात. लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या आणि पाटा-वरवंटा मात्र भिंतीवर नेऊ नयेत. त्यांची जागा जमिनीवरच बरी.

जबलपूरमध्ये या हिशेबाला एक तारीख जोडलेली आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे शहराजवळ सहाच्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला. चाळीसच्या घरात माणसे दगावली आणि हजारो घरांना तडे गेले. नर्मदेच्या खोऱ्यालगतच्या भ्रंशपट्ट्यावर हे शहर वसले आहे. त्या तड्यांवर पुढे गिलावा झाला, रंग लागला, आणि आज ती भिंत वरून नवी दिसते. कपाट टांगण्याआधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून पोकळ आवाज कुठे येतो ते पाहणे म्हणूनच इथे जास्त महत्त्वाचे. गिलावा सुटलेला असेल तर तो आधी काढून विटा तपासाव्यात. शेजारची कपाटे एकमेकांना स्क्रूने जोडली की सगळी रांग एक होऊन हलते आणि एकट्या प्लगवर धक्का येत नाही. जड वस्तू खालच्या फळीवर, आणि दारांना आपोआप न उघडणारी खिटी, एवढ्या दोन गोष्टींनी पहाटेच्या हादऱ्यात डोक्यावर पडणाऱ्या भांड्यांची संख्या पुष्कळ घटते.

प्रत्यक्ष टांगणी कोपऱ्यातून सुरू होते. कोपऱ्यातले कपाट चुकले तर त्याची चूक दोन्ही भिंतींवर पसरत जाते. तळरेषेच्या खाली एक सरळ लाकडी पट्टी तात्पुरती ठोकून तिच्यावर कपाट टेकवले की दोन माणसांचे हात मोकळे होतात आणि पातळीही आपसूक मिळते. दारे आणि फळ्या आधी काढून ठेवायच्या. पेटी हलकी होते आणि आतून स्क्रू मारता येतो. स्क्रू पाठीच्या पातळ प्लायमधून नव्हे, तर माथ्यालगत आणि तळालगत आत बसवलेल्या जाड आडव्या पट्टीतून जायला हवा. भिंत फुगलेली किंवा आत गेलेली असेल तिथे पेटी आणि भिंत यांच्यामध्ये पाचर घालायची. पाचर न घालता स्क्रू आवळला की पेटी भिंतीचा बाक स्वीकारते आणि दोन महिन्यांनी दार लागेनासे होते. शेजारची कपाटे आधी शिकंज्यात धरून समोरच्या कडा बोटाने चाचपून एका पातळीत आणायच्या, मग एकमेकांना जोडायच्या, आणि सर्वांत शेवटी भिंतीचे स्क्रू पूर्ण कसायचे.

आता माथे. तीस इंची आणि छत्तीस इंची दोन कपाटे शेजारी आहेत आणि दोन्हींची खोली फूटभर आहे, असे समजा. बुटक्या कपाटाच्या माथ्यावर दोन इंच बाहेर येणारे मोल्डिंग लावले, तर ते उंच कपाटाच्या बाजूला येऊन भिडते; पण त्याचा बाहेर झुकलेला दोन इंचांचा भाग उंच कपाटाच्या समोरच्या कडेपुढे निघतो आणि अधांतरी राहतो. त्याचे कापलेले टोक समोरून दिसते. ते झाकायला लहानसा त्रिकोणी तुकडा चिकटवावा लागतो. तो सुटतो, उघडतो, आणि तिथे नेहमी नजर जाते. यावरचा उपाय मोल्डिंगमध्ये नाही, कपाटाच्या खोलीत आहे. उंच कपाट पंधरा इंच खोल केले की ते बुटक्याच्या तीन इंच पुढे येते. दोन इंचांचे मोल्डिंग त्याच्या बाजूवर पूर्ण टेकते आणि वर इंचभर मोकळी बाजू उरते. टोक चौकोनी कापायचे आणि बाजूला लावायचे, इतकेच. सर्वांत अवघड दिसणारा सांधा सर्वांत सोप्या कापाने सुटतो, कारण अवघड काम पेटी बनवतानाच उरकलेले असते. पेट्या आधीच एका खोलीच्या आणल्या असतील तर उंच पेटीमागे तीन इंचांची लाकडी चौकट घालून ती पुढे घेता येते आणि उघडी पडलेली फट रुंद बाजूपट्टीने झाकता येते.

उंचीचाही असाच किमान नियम आहे. बुटक्याचे मोल्डिंग जिथे संपते त्याच्या वर उंच कपाटाचे मोल्डिंग सुरू झाले पाहिजे, कारण उंच कपाटाची पट्टी समोरून वळून त्याच्या बाजूने भिंतीपर्यंत जाते. मोल्डिंग तीन इंच उंच असेल तर दोन माथ्यांत तीन इंचांहून कमी फरक चालतच नाही. सहा इंच ठेवले तर दोन्ही पट्ट्यांच्या मध्ये श्वास घ्यायला जागा राहते. एक-दीड इंचाचा फरक सर्वांत वाईट. तो ठरवून ठेवला आहे की माप चुकले आहे, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

आपल्याकडची बहुतेक कपाटे बिनचौकटीची असतात. दार पेटीची सगळी समोरची कड झाकते. मोल्डिंग थेट पेटीवर ठोकले तर दाराची वरची कड त्याला घासते. म्हणून माथ्यावर दाराच्या पृष्ठभागाच्या रेषेत दोन-तीन इंच रुंदीची आधारपट्टी उभी बसवतात, तिला पेटीच्या आतून स्क्रू मारतात आणि मोल्डिंग तिच्यावर चढवतात. दार आणि मोल्डिंग यांत एक सूत फट पुरते. पुढे येण्याचा सगळा हिशेब मग पेटीपासून नव्हे, दारापासून धरायचा. पाऊण इंचाचे दार विसरले तर वर सांगितलेली इंचभर मोकळी बाजू पाव इंचावर येते.

मोल्डिंग कापताना ते उलटे धरायचे असते. जी कड छताकडे जाणार ती कापणीच्या पेटीच्या तळावर, आणि जी कपाटाला टेकणार ती पेटीच्या उभ्या भिंतीवर. तळ म्हणजे छत आणि उभी भिंत म्हणजे कपाट, असे मनाशी धरले की डावे-उजवे चुकत नाही. काटकोनी कोपऱ्याला दोन्ही तुकडे पंचेचाळीस अंशांत कापले जातात. यंत्रावर पट्टी आडवी ठेवून कापायची असेल तर अडतीस अंशांत झुकणाऱ्या नेहमीच्या मोल्डिंगसाठी आडवा कोन ३१.६ आणि कलाचा कोन ३३.९ अंश येतो. पण पुस्तकातला काटकोन घरात क्वचितच भेटतो. कपाटाचा कोपरा गुण्याने तपासून तो एक्क्याण्णव अंश भरला तर प्रत्येक काप साडेचव्वेचाळीसचा घ्यावा. पूर्ण पट्टी कापण्याआधी वीतभर लांबीचे दोन फालतू तुकडे कापून कोपऱ्यावर धरून पाहिले की लाकूड वाचते. समोरची पट्टी आधी, मग बाजूच्या वळणाचे तुकडे. बाहेरच्या कोपऱ्याला फेव्हिकॉल लावून दोन्हींकडून बारीक बिनडोक्याचे खिळे.

हा सांधा किती दिवस मिटलेला राहील हे हवा ठरवते. जबलपूरमध्ये मे महिन्यात कोरडी लू वाहते, आणि वर्षाचा तेराशे-चौदाशे मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही; रुंदीत हलते. सागवान यात शहाण्यांपैकी, तरीही तीन इंच रुंदीची सागवानी पट्टी उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत मिलिमीटरभर फुगू शकते. तेवढ्याने पंचेचाळीसचा सांधा एका कडेला तोंड उघडतो. यासाठी पट्ट्या बसवण्याआधी दोन-तीन आठवडे त्याच घरात पडू द्याव्यात आणि रंग किंवा पॉलिश मागच्या बाजूलाही द्यावे, म्हणजे ओल दोन्हीकडून सारखी शिरते. एमडीएफची पट्टी हवेने कमी हलते पण वाफेने आणि पाण्याने कायमची फुगते. प्लास्टिकची पट्टी ओलीला जुमानत नाही, मात्र शेगडीच्या आचेजवळ वाकते. पेट्यांसाठी आयएस ७१० चे, उकळत्या पाण्याला टिकणारे प्लायवुड घेतले तरी मोल्डिंगचे लाकूड वेगळे निवडावे लागते, ते यामुळे.

मोल्डिंगच्या मागे माथ्यावर एक उथळ खळगा तयार होतो. फोडणीच्या तेलकट वाफेने तिथे बसलेली धूळ वर्षभरात चिकट थर होते; पाली आणि झुरळे तिचा आसरा घेतात. कपाटे छताला भिडलेली असती तर हा प्रश्न आला नसता. माथे मोकळे ठेवण्याचा हा दुसरा खर्च. मोल्डिंगच्या वरच्या कडेच्या पातळीत सनमायका लावलेली प्लायची पातळ फळी माथ्यावर झाकणासारखी बसवली, तर खळगा बुजतो आणि दिवाळीच्या आवराआवरीत ओला फडका एका हाताने फिरवता येतो. प्रत्येक माथ्याची फळी वेगळी हवी, म्हणजे एखादी खराब झाली तर तेवढीच बदलता येते.

शेवटी दारे लावायची, बिजागऱ्यांच्या स्क्रूंनी त्यांच्या वरच्या कडा मोल्डिंगशी समांतर आणायच्या, खिळ्यांची भोके लांबीने भरायची आणि तळाची तात्पुरती पट्टी काढून तिची भोके बुजवायची. डबे पहिल्याच दिवशी गच्च भरू नयेत. निम्मे भरून आठवडाभर थांबावे, तळरेषेवर पुन्हा नळी धरून पाहावी, आणि कुठे एक सूतही उतरले असेल तर त्या कपाटाचे स्क्रू काढून भोक नव्याने विटेत पाडावे. तळ जागेवर राहिला तर माथ्यांकडे परत बघावे लागत नाही.